घुबडफेरी

त्या रविवारी पहाटे अर्जुनानं पुरी बादली ओतून अंघोळ केली. चैत्राची काहिली सुरू झालेली, टँकर यायचा तो आठवड्यानं, तोही वाटेत बंद पडला नाही तर. अशा दिवसांत कोळेकरवस्तीवर बादलीभर पाण्याची अंघोळ नवरदेवानंच करावी. त्याची बायको मंगल चूल पेटवता पेटवता बघत होती.

"समदी वतली?" ती म्हणाली.

"सांगलीची मानसं येत्यात. त्येंच्यात घामाचा वास मारत फिरू व्हय?"

मंगलनं फुंकणी उचलली आणि चुलीत फुंकर घातली. अर्जुनानं खाणीनं दिलेला खाकी शर्ट चढवला. त्याच्या खिशावर हिरव्या दोऱ्यानं पान विणलेलं होतं. गळ्यात शिट्टी अडकवून तो बाहेर आला तेव्हा त्याची आई, रंगुबाई, अंगणात काठी चाचपत होती. कुठं निघालीस, असं त्यानं विचारलं नाही. घरातल्या बायका पहाटेच्या कुठं जातात हे बाप्यानं विचारायचं नसतं. तो आपला शर्टाची कॉलर सारखी करत खाणीच्या वाटेला लागला.

अर्जुना चाळिशीचा. मेंढरं विकून खाणीवर लागला त्याला बरीच वर्षं झाली होती. काम असं, की सुरुंग उडायच्या आधी लाल बावटा घेऊन रस्त्यावर उभं राहायचं आणि "बार हाय, बार!" म्हणून ओरडायचं. बाकीचा दिवस खडी फोडणाऱ्या क्रशरच्या फुफाट्यात, डंपरना हात करत. संध्याकाळी घरी आला की पापण्यासुद्धा पांढऱ्या. खाणीची तालुकाभर बोंब होती. धूळ, हादरे, आटलेल्या बोअरी, तडकलेल्या भिंती. यावर खाणमालक लालासाहेबांचा मुलगा वीरधवल यानं पुण्याहून शिकून आल्यावर एक तोड काढली. जुन्या खड्ड्याच्या कडेनं त्यानं झाडं लावली, झाडांना ठिबक केलं, पाट्या रोवल्या आणि हौशी लोकांना रविवारी बोलवायला सुरुवात केली. त्याला तो निसर्गफेरी म्हणे. जुन्या खड्ड्याच्या उभ्या कड्यात मोठ्या घुबडांची जोडी राहत होती, खरी गर्दी तिच्यासाठी. वस्तीवर या प्रकाराचं नाव घुबडफेरी पडलं. ज्याचं तोंड सकाळी दिसू नये म्हणून माणसं वाट बदलतात, ते बघायला इतक्या लांबून पेट्रोल जाळत यायचं, यावर वस्तीनं पोटभर हसून घेतलं होतं.

पण अर्जुनाला ती फेरी लागू पडली. रानात वाढलेला म्हणून वीरधवलनं त्याला वाटाड्या केलं. पाहुणे त्याला 'अर्जुन सर' म्हणत. आयुष्यभर 'ए अर्जुन्या' ऐकलेल्या माणसाला 'सर' ऐकून काय होतं ते ज्याचं त्यालाच ठाऊक. शिवाय वीरधवलनं शब्द दिला होता, फेरी जमली तर कायमचं हेच काम, क्रशर बंद. अर्जुनाला रात्री खोकल्याची उबळ यायची तेव्हा तो शब्द आठवायचा.

त्या दिवशी विश्रामबागेतल्या कॉलेजात शिकवणाऱ्या तरन्नुम मॅडम दहा-बारा माणसं घेऊन आल्या होत्या. मॅडम नेमस्त, कमी बोलणाऱ्या. त्यांच्याबरोबर माधवनगरचे एक निवृत्त काका होते, त्यांच्या गळ्यात हातभर लांब भिंगाचा कॅमेरा. अजून पुरतं उजाडलं नव्हतं. अर्जुनानं त्यांना नेहमीच्या जागी, खड्ड्याच्या पलीकडच्या काठावर उभं केलं आणि समोरच्या कड्याकडं बोट दाखवलं. लांबून घुबड दगडासारखंच दिसत होतं.

"फार लांब पडतं हो," काका म्हणाले. "पिल्लं तर दिसतच नाहीत. एवढं लवकर उठून आलो."

इथंच अर्जुना फसला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो आपण होऊन म्हणाला, "जवळनं दावू? मातीच्या ढिगाऱ्यामागनं एक वाट हाय. थेट कड्याच्या बुडाला निघतो आपुन."

"चालेल ना तिकडून?" मॅडमनी विचारलं.

"आवं मॅडम, हितं ल्हानाचा मोठा झालोय. फकस्त आवाज न्हाई पायजे. पिल्लं हायत, जरा खुट्ट झालं की कपारीत सरकत्यात. बोलायचं न्हाई, खोकायचं न्हाई, पाय वाजवायचा न्हाई."

खाण सुरू झाली तेव्हा वरची माती काढून टाकली होती, तिचा तो ढिगारा. टेकडीएवढा झाला होता आणि त्यावर वेडी बाभळ माजली होती. अर्जुना पुढं, त्याच्यामागं एकामागे एक पाहुणे. काकांना धुळीनं उबळ आली. त्यांनी तोंड उघडलं मात्र, अर्जुना गर्रकन वळला. ओठावर बोट ठेवून त्यानं आपला रुमाल त्यांच्या हातात दिला. काकांनी बिचाऱ्यांनी डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकला दाबला. अर्जुनाला बरं वाटलं. एवढी शिकलेली माणसं त्याच्या एका बोटावर चालत होती.

बाभळीचा शेवटचा फाटा त्यानं हातानं वर धरला आणि सगळे उघड्यावर आले.

समोर बायका होत्या. वस्तीवरच्या. अंधुक उजेडात, ढिगाऱ्याच्या पायाशी, एकमेकींपासून जरा जरा अंतरावर बसलेल्या. कुणीतरी "अगं बया!" म्हणालं आणि सगळ्या एकदम उठल्या. लुगडी-साड्या सावरत, पदर तोंडावर ओढत, पाठ करून उभ्या राहिल्या. एकीचा डबा लवंडला आणि पाणी मातीत जिरलं. एक तेवढी उठू शकली नाही. तिनं काठीवर भार देऊन बघितलं, गुडघ्यांनी साथ दिली नाही, पुन्हा प्रयत्न केला. मग तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढून सगळं तोंड झाकलं आणि तशीच बसून राहिली.

अर्जुनाला तोंड बघायची गरज नव्हती. ते हिरवं लुगडं त्यानंच आटपाडीच्या बाजारातून आणलं होतं.

आता तरी त्यानं वळायला हवं होतं. चला मागं, एवढं म्हणायला हवं होतं. पण त्याच्या तोंडून निघालं ते भलतंच. त्यानं हात वर केला, कड्याच्या कपारीकडं बोट दाखवलं आणि मोठ्यानं म्हणाला, "वर बगा, वर! त्या कपारीत! दोन पिल्लं हायत! नर बाजूला बसलाय. ह्यो रात्रीचा उंदरं खातो, ससा सुदीक उचलतो..." तो बोलतच राहिला. थांबलो तर काहीतरी कोसळेल असं त्याला वाटत होतं. काही माना खरोखरच वर झाल्या.

तरन्नुम मॅडमनी मात्र केव्हाच पाठ फिरवली होती. दोन्ही हात पसरून त्यांनी मागच्या माणसांना अडवलं. काकांचा कॅमेरा त्यांनी हातानं खाली दाबला.

"अर्जुन सर, पुरे," त्या म्हणाल्या. "मागे फिरू या."

वस्तीची एक जुनी रीत होती. बायकांच्या जागेच्या बाजूनं कुणा बाप्याला जावंच लागलं, तर त्यानं लांबूनच खाकरत यायचं. घसा साफ करायचा, नसलेल्या कुत्र्याला हाड म्हणायचं, मेंढरांना हाळी द्यायची. बायका उठून पाठमोऱ्या व्हायच्या, तो मान खाली घालून निघून जायचा. कुणी कुणाला पाहिलेलं नसायचं. पोराला मिसरूड फुटायच्या आधी ही अक्कल शिकवली जाई. अर्जुनालाही त्याच्या बापानं शिकवली होती. मग घरोघर संडास आले, तशी ती जागा सुटली आणि खाकरणंही सुटलं. या उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याचीच मारामार, संडासात ओतायला कुठलं? संडासात सरपण आणि कडबा भरला गेला, आणि बायका मुकाट पुन्हा ढिगाऱ्यामागं जायला लागल्या. त्यांनी पुरुषांना सांगितलं नाही. पुरुष कधीही उठून माळावर कुठंही जात होते, त्यांनी विचारलं नाही. अर्जुनाच्या अंगणातला संडास कडब्यानं भरला होता, आणि कडबा त्यानं स्वतःच भरला होता.

खाणीच्या ऑफिसपुढं पोहे आणि चहा होता. पाहुणे खाली बघून खात होते. मॅडम वीरधवलशी बाजूला हळू आवाजात बोलल्या. मग वीरधवल अर्जुनाकडं आला.

"कोण बायका होत्या रे? आपल्या वस्तीवरच्या?"

शेजारी ड्रिलवरचा फारूक हातपाय धूत होता. फारूक आणि अर्जुना एका शाळेत, एका बाकावर बसलेले. वस्तीच्या टोकाला फारूक आणि त्याची बायको जीनत यांचं घर.

"न्हाई मालक," अर्जुना म्हणाला. "फिरस्ती असतील. ऊसतोडीवाले गावाकडं निगालेत न्हवं, त्येंच्यातल्या."

"तरी म्हटलं," वीरधवल म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. "त्यांना सांगून टाक, इथं बसायचं नाही म्हणून."

"व्हय जी."

फारूकनं पाय धुवायचे थांबवले होते.

अर्जुना दिवसभर घराकडं फिरकला नाही. दिवस मावळताना गेला तेव्हा रंगुबाई भिंतीकडं तोंड करून बसली होती. मंगल भांडी आपटत होती.

"आमी तुमचा आवाज वळखला," ती म्हणाली. "पाट करून हुबं हुतो सगळ्याजनी. वाटलं, आता तुमी त्यास्नी माघारी न्याल. तर तुमी घुबडाचं सांगाय लागला. उंदरं खातो म्हनं."

"मला काय ठावं, तुमी तिकडं जाताय म्हनून?"

"सकाळी पुरी बादली अंगावर घेतली तवा ठावं नव्हतं, घरात पानी न्हाई म्हनून?"

तेवढ्यात रंगुबाई बोलली, भिंतीकडं बघतच.

"तुज्या संगं ती बाई हुती, तिनं पाट फिरिवली. परकी बाई. तू का न्हाई फिरिवलीस रं?"

चार माणसांत कानफटात बसली असती तर सोपं गेलं असतं. त्यानं ताट पुढं ओढलं, भाकरीचा तुकडा मोडला, आणि तसाच ठेवून बाहेर जाऊन बसला. लाज त्याला कातडीवर जाणवत होती, कुसळं टोचावीत तशी.

दुसऱ्या दिवशी दुपारी ड्रिलचा कॉम्प्रेसर घडीभर बंद झाला तेव्हा फारूकनं त्याला हाक मारली. ड्रिलच्या धुळीत फारूकचे डोळे तेवढे दिसत होते.

"अर्जुना, एक इचारू? माजी जीनत फिरस्ती कवापासनं झाली रं?"

"फारूक, गड्या, तवा सुचलं न्हाई..."

"तुजी आई बी फिरस्तीच का?"

एवढं बोलून तो वळला आणि नव्या भोकावर ड्रिल लावली. शिव्या दिल्या असत्या तर अर्जुनानं उलट दिल्या असत्या आणि संध्याकाळी दोघं एकाच सायकलवर घरी गेले असते. आता फारूक पुढं निघून जाई आणि अर्जुना मागून चालत जाई.

वस्तीवर कुणी त्याला तोंडावर काही बोललं नाही. तो दिसला की ओट्यावरच्या बायका पदर पुढं ओढत आणि गप्प होत. ज्या बायकांनी त्याला कडेवर खेळवलं होतं, त्याही. हे तर शिव्यांपेक्षा वाईट होतं.

आणि रंगुबाईनं पाणी पिणं सोडलं. आधी कुणाच्या ध्यानात आलं नाही. म्हातारी जेवायची अर्धी चतकोर, पाण्याचा तांब्या उष्टा करून बाजूला सारायची. मग बुधवारी का गुरुवारी ती अंगणातून आत येताना चौकटीपाशीच बसली, ती मंगलला धरून उचलावी लागली. ओठ फुटले होते. जीभ टाळूला चिकटून शब्द नीट निघत नव्हता.

"आत्या पानीच पीत न्हाईत," मंगल अर्जुनाला म्हणाली. तिच्या आवाजात या वेळी राग नव्हता, भीती होती. "प्याल्यावर जावं लागतंय. म्हनत्यात, आता मी भायेर जानार न्हाई. गुडघं उठू देत न्हाईत, परत कोन आलं तर काय करू म्हनत्यात. मी वल्लं फडकं लावतीया वटाला."

"आई, पी की थोडं," अर्जुना तांब्या घेऊन खाली बसला.

रंगुबाईनं मान फिरवली. वर कपाळावरून पदर ओढला. घरात, आपल्या एकट्यापुढं आईनं तोंड झाकलेलं अर्जुनानं आयुष्यात पाहिलं नव्हतं. सुनेनं सासऱ्यापुढं ओढावा तसा तिनं तो ओढला होता.

तो तसाच उठून खाणीवर गेला. ऑफिसपुढं खाणीचा टँकर उभा होता. रस्त्यावरची धूळ दबावी म्हणून आणि झाडांच्या ठिबकला तो रोज पाणी घाली. वीरधवल बाहेरच खुर्ची टाकून बसला होता. जेवणाची सुट्टी होती, गडी सावलीला पांगले होते. फारूकही.

"धाकले मालक, एक खेप पानी वस्तीवर पायजे हुतं. संडासात वतायला."

"संडासात?" वीरधवल हसला. "अरे, माणसं प्यायला पाणी नाही म्हणून ओरडतायत, आणि तू..."

"बायकास्नी जायला जागा न्हाई, मालक."

"कुठल्या बायकांना? त्या तर फिरस्ती होत्या म्हणालास तू."

सावलीला बसलेल्यांची तोंडं वर झाली. अर्जुनाला वाटलं, अजून वाट आहे. म्हणता येईल, वस्तीवरच्याही कुणी कुणी जातात, त्यांच्यासाठी मागतोय. एवढंच म्हणायचं. शर्टाच्या खिशावरचं पान त्याच्या नजरेला पडलं.

"मी खोटं बोललो," तो म्हणाला. "वस्तीवरच्या हुत्या समद्या. फारूकची मंडळी हुती. माजी बायको हुती. आनि जी बसून ऱ्हायली, उटली न्हाई, ती माजी आई. मी मानसं घेऊन तिच्याम्होरं हुबा ऱ्हायलो आनि घुबड दावलं."

वीरधवलनं खुर्चीत बसल्या बसल्या पाय आत ओढून घेतले. तोही लाजला असावा. मालकाच्या मुलाला लाजण्याची सवय नव्हती, म्हणून तो एकदम मोबाईल बघायला लागला.

"बरं, बरं. सगळ्यांच्या पुढं कशाला..." तो म्हणाला. "टँकरचं बाबांना विचारावं लागेल. तोवर खालच्या खड्ड्यात साठलेलं पाणी आहे, ते ने पाहिजे तेवढं. आणि रविवारचं मी दुसऱ्या कुणाला तरी सांगतो. तुलाही बरं पडेल."

"व्हय जी," अर्जुना म्हणाला. क्रशर कायमचा झाला, हे त्याला कळलं. त्यानं शिट्टी गळ्यातून काढून टेबलावर ठेवली.

त्यानं दोन कॅन मिळवले आणि डंपरच्या उतारावरून खाली गेला. खड्ड्याच्या तळाला शेवाळी पाणी होतं, त्यावर दगडाची भुकटी तरंगत होती. ते भरून तो चढायला लागला. भरउन्हात, फुफाट्यात, खांद्यावर एक आणि हातात एक. कोळेकरवस्तीवर पाणी बायका आणतात. बाप्यानं संडासाला पाणी वाहिलेलं कुणी बघितलं नव्हतं. वरून गडी बघत होते. एका डंपरवाल्यानं शिट्टी मारली. "कुनाच्या घरचं लगीन हाय रं?" म्हणून कुणीतरी ओरडलं. अर्जुना खाली बघून चालत राहिला. दुसऱ्या खेपेला त्याचा खांदा सोलला. तिसऱ्या खेपेला तो उताराच्या मध्यावर टेकला, तेव्हा शेजारी आणखी कोणीतरी कॅन टेकवला. फारूक होता.

"जीनतसाठी नेतोय," तो अर्जुनाकडं न बघता म्हणाला. "तुज्यासाटी न्हाई."

दोघं वर आले, वेगवेगळ्या वाटांनी गेले.

घरी येऊन अर्जुनानं संडासातला कडबा ओढून बाहेर काढला. आत कोंबडी अंड्यांवर बसली होती, तिला टोपल्यासकट मंगलकडं दिलं. खराट्यानं फरशी घासली, जाळी काढली, पत्र्याच्या दाराची गंजलेली कडी ठोकून सरळ केली. आईला धरून उठता यावं म्हणून भिंतीत पहार ठोकून ती हलत नाही ना ते लोंबकळून बघितलं. मग ड्रम भरला. सगळं झालं तेव्हा उन्हं कलली होती. अंगावरचा खाकी शर्ट ओळखू येत नव्हता.

"आई," तो दारातून म्हणाला. "पानी भरलंय. जागा झाडलीया. हितंच, अंगनात."

मंगल तांब्या घेऊन तिच्याजवळ बसली. बराच वेळ तशीच बसली. मग म्हातारीनं हात पुढं केला, तांब्या तोंडाला लावला आणि पीतच राहिली. मानेची शीर वरखाली होताना दिसत होती. पाणी हनुवटीवरून लुगड्यावर सांडलं, तरी तिनं तांब्या खाली ठेवला नाही. मंगलनं दुसरा भरून दिला.

दिवे लागायच्या सुमाराला रंगुबाई उठली. मंगलचा हात तिनं नको म्हणून झटकला. एक हात भिंतीवर, एक काठीवर, अशी ती अंगण ओलांडून गेली. अर्जुना घाईघाईनं पुढं झाला, त्यानं बादली भरून आत ठेवली आणि दार धरून उभा राहिला. म्हातारी आत गेली. कडी लागली.

तो दाराशीच थांबला. तिला उठता आलं नाही तर, हाक मारली तर, म्हणून.

आत काही हालचाल झाली नाही. काठी टेकल्याचा आवाज आला आणि पुन्हा सगळं शांत. मग दाराआडून रंगुबाईचा आवाज आला. रविवारनंतर ती पहिल्यांदाच त्याच्याशी बोलत होती.

"अर्जुना, तू हितंच हायस?"

"हाय की, आई. काय पायजे?"

"पत्र्याखालनं तुजी पावलं दिसत्यात. लांब जा."

तो कडुलिंबापर्यंत गेला.

"गेलो, आई."

"आवाज हितंच येतोय तुजा. अजून लांब."

तो ओट्यांसमोरून गेला. बायका बसल्या होत्या, त्यांनी पदर ओढले. त्यानं मान वर केली नाही. वस्ती संपली, रस्ता लागला, खाणीची धूळ पायाखाली मऊ लागायला लागली. मागून हाक येत नव्हती. तरी त्याला वाटलं, अजून पुरेसं नाही, आणि तो चालत राहिला.